पाच शिड्यांची वाट

त्या पंचनाम्यावर पंच क्रमांक दोन म्हणून जी सही आहे, ती माझी आहे. आणि सही करण्याआधी मी तो कागद वाचला होता. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. किसनभाऊंविषयी लिहायला बसलो की मला आधी त्यांचं कौतुक सुचतं, आणि त्या कौतुकाच्या आडोशाला ही गोष्ट राहून जाते. तशी ती चार वर्षं राहिली.

किसनभाऊ आमच्या कंपनीत टूलरूमला फिटर होते. महाळुंग्याच्या पुढे, इंद्रायणीच्या काठाला त्यांचं गाव. चाकणच्या पट्ट्यात कारखाने आले तेव्हा घरची बरीचशी जमीन संपादनात गेली, नदीकडचे दोन तुकडे उरले आणि घरटी एक नोकरी मिळाली. ती यांनी घेतली. मी लातूरकडचा, क्वालिटी विभागात इंजिनिअर. त्यांच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, पण हुद्द्यानं वरचा, म्हणून ते मला शेवटपर्यंत ‘सूर्यवंशी सायेब’च म्हणाले.

ते हेल्मेटच्या आत पांढरी टोपी घालायचे. सेफ्टीवाल्यानं हरकत घेतली तर म्हणायचे, “हेल्मेट कंपनीचं, डोकं माजं.” शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी कायम. तिच्यावर त्यांचा इतका जीव की समोर काहीही आलं की आधी मापायचं. पुतणीच्या लग्नात पंगतीला बसल्यावर त्यांनी जिलबीला पट्टी लावलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. वाढपी थांबला तसे म्हणाले, “वाड रं बाबा, टॉलरन्समदी हाय.” शॉपमध्ये चालण्यासाठी पिवळे पट्टे मारलेले असतात. बाकी सगळे ते ओलांडून मधूनच जातात. किसनभाऊ मात्र संडासाला जायचं असलं तरी पट्ट्यामधूनच, हात मागे बांधून, जरा पुढे झुकून चालत जायचे. घाईत त्यांना मी पाहिलेलं नाही.

आमची खरी ओळख झाली ती इंग्लंडात. कंपनीनं तिथल्या एका बंद पडणाऱ्या कारखान्यातून जुनं ग्राइंडिंग मशीन घेतलं होतं. ते खोलून, भाग मोजून, पेट्यांत भरून इकडे पाठवायचं काम होतं. किसनभाऊ खोलणार, मी मोजणार आणि सह्या करणार. दहा आठवडे आम्ही एका लहानशा गावात, एका बाईंच्या घराच्या माडीवर राहिलो. किसनभाऊंनी बॅगेतून बाजरीचं पीठ नेलं होतं आणि वजन भरतंय म्हणून स्वेटर काढून ठेवला होता. पहिले दोन आठवडे ते माकडटोपी आणि कंपनीचं जाकीट, एवढ्यावर काकडत होते.

रविवारी काम बंद. मी खोलीत बसून घरी फोन करायचो. किसनभाऊंना खोलीत बसवायचं नाही. तिसऱ्या रविवारी ते दुपारी चिखलानं माखून परत आले आणि दारातूनच म्हणाले, “सायेब, चला. हितं एक गंमत हाय. लोकाच्या रानातनं वाट हाय आन कुनी हाकलत न्हाई.”

मी गेलो. गावाबाहेर नदीकाठाला एक लाकडी खांब होता, त्यावर पिवळा बाण. तिथून पायवाट निघत होती. डाव्या हाताला संथ नदी, उजवीकडे मेंढ्यांची कुरणं. कुंपण आलं की त्यावर दोन्ही बाजूंनी चढता-उतरता येईल अशी लाकडी शिडी. म्हणजे माणूस जाईल, मेंढी जाणार नाही. कुठे शिडीऐवजी एक फिरतं फाटक, त्यातून एका वेळी एकच जण मावेल असं. पुढे वाट नदी सोडून एका जंगलात शिरायची. झाडं अजून निष्पर्ण होती, खाली मात्र हिरवे कोंब फुटत होते. आम्ही परत यायच्या आधीच्या रविवारी त्या जंगलाची सगळी जमीन निळ्या फुलांनी भरून गेली होती. किसनभाऊ वाकून बघत राहिले. तोडलं मात्र एकही नाही.

पण त्यांचा जीव अडकला तो फुलांत नाही, शिड्यांत. प्रत्येक शिडीपाशी ते पट्टी आणि टेप काढायचे. तपासणीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागे चित्र काढून मापं लिहायचे. पायरीची उंची, फळीची जाडी, धरायचा दांडा किती वर. “नऊ इंचाच्या वर पायरी न्हाई बगा. म्हातारं मानूस बी चडतंय. इचार केलाय त्येंनी.”

एकदा वाट थेट गव्हाच्या उभ्या पिकातून गेली. हिरव्यागार गव्हात बरोबर तिरकी, एका माणसाच्या रुंदीची पट्टी मोकळी. मी थांबलो. आमच्याकडे कुणाच्या उभ्या पिकात पाय टाकला तर काय होतं ते मला माहीत होतं. तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला आणि त्यावरचा म्हातारा शेतकरी खाली उतरला. मला वाटलं, आता शिव्या. त्यानं नुसती हवेची चौकशी केली.

“त्येला इचारा, ही वाट तुजी का?” किसनभाऊ म्हणाले.

मी विचारलं. म्हातारा म्हणाला, शेत माझं, वाट माझी नाही.

“मग कुनाची?”

म्हाताऱ्यानं खांदे उडवले. लोक चालतात, फार पूर्वीपासून चालतात, असं काहीसं तो बोलला. नांगरट करताना वाटेवरूनच नांगर फिरतो, मग ती परत दाबून द्यावी लागते, आणि ते तो ट्रॅक्टरच्या चाकानं स्वतःच करतो, हेही त्यानं सांगितलं. मी भाषांतर केलं. किसनभाऊंनी टोपी सारखी केली आणि त्या माणसाला हात जोडले. त्यानं गोंधळून हात हलवला. फर्लांगभर पुढे गेल्यावर किसनभाऊ थांबले. मग म्हणाले, “आमच्या चुलत्यानं बांदावरनं जाऊ दिलं न्हाई म्हनून माज्या आईनं सा म्हयनं दोन मैल वळसा घातला. पान्याचा हंडा घिऊन. आन ह्यो बाबा स्वतः नांगरतोय आन स्वतः दाबून देतोय!”

परत आल्यावर सगळ्यांनी चॉकलेटं वाटली. किसनभाऊंनी मापं आणली होती.

त्यांच्या गावापासून नदीच्या काठाकाठानं एक जुनी वाट होती. करंज, उंबर, अर्जुनसादडा यांच्या सावलीतून ती दोन-अडीच मैलांवरच्या राईत जायची. राई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, त्यात कुऱ्हाड चालत नाही. तिथे पाण्याच्या कडेला साती आसरांचे शेंदूर फासलेले सात दगड आहेत. गावातल्या बाया बाळंतपणानंतर तिथे ओटी भरायला जातात. पण जमिनी विकल्या गेल्या तशी त्या वाटेवर कुंपणं आली होती. कुठे तार, कुठे सिमेंटचे खांब. बाया तारेखालून वाकून जायच्या, पदर फाटायचे.

किसनभाऊंनी भंगारातल्या अँगलच्या शिड्या करायचं ठरवलं. कंपनीची परवानगी काढली. केलेली शिडी बाहेर न्यायला गेटपास लागतो आणि त्यावर माझी सही. पहिला पास मी परत पाठवला, कारण वजनाचा रकाना कोरा होता. दुसरा परत पाठवला, कारण वजन अठ्ठावीस किलो लिहिलं होतं आणि शिडी काट्यावर एकोणतीस भरली. तिसऱ्यांदा ते स्वतः आले.

“सायेब, एक किलोत मी काय ताजमहाल बांदनार हाय व्हय?”

“लिहिलंय ते आणि आहे ते एक असलं पाहिजे, किसनभाऊ.”

ते चिडतील असं वाटलं होतं. उलट खूश झाले. त्या दिवसापासून टूलरूममध्ये कुणी माझ्या सहीवर शंका घेतली की ते म्हणायचे, “ह्या मानसानं सही केली म्हंजी कागद वाचला म्हनून समजा. डोळं झाकून पुडं जावा.”

मला या वाक्याचा फार अभिमान होता.

अशा पाच शिड्या झाल्या. ज्याच्या कुंपणावर बसवायची त्याच्या घरी जाऊन ते आधी चहा प्यायचे, मगच शिडी. चौघे हसून हो म्हणाले. पाचवी जागा पडीक होती, मालक परगावचा. त्यानं फोनवर “बसवा की” म्हटलं. झाडांवर पिवळे बाण रंगवले. त्यांचा चुलतभाऊ शिरपत पारावरून ओरडायचा, “काय लंडनवाले, शिड्या कशाला? चंद्रावर जायचं का?” किसनभाऊ म्हणायचे, “तू आदी संडासापत्तुर चालत जा, मग चंद्राचं बगू.”

दर रविवारी सकाळी ते ती वाट चालायचे. कुणी आलं तर बरोबर, नाहीतर एकटे. “वाट वापरात पायजे,” म्हणायचे. “पाय हाय तवर वाट हाय.” मीही बऱ्याचदा गेलो. तोवर आम्ही त्याच बाजूला नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. पाचव्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून नदीकाठचा पट्टा दिसायचा आणि झाडांमधून सरकणारी किसनभाऊंची टोपी. माझा पाय मुरगळला तेव्हा त्यांनी मला तिसऱ्या शिडीवर धरून उतरवलं होतं. माझी बायको राईत जाऊन ओटी भरून आली होती. ती वाट मला माहीत नव्हती असं म्हणायला मला कुठेच जागा नाही.

किसनभाऊ निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी तळेगावला असते, तिच्याकडे ते दोन महिने होते. नेमका पावसाळा. इकडे ती पाचवी पडीक जागा विकली गेली. नव्या मालकाला गोदाम बांधायचं होतं, चारी बाजूंनी भिंत घालून. त्यानं पहिल्याच आठवड्यात शिडी उपटून बाजूला टाकली. गावातल्या बायांनी तहसीलला अर्ज केला की इथून वहिवाट आहे. मग स्थळ पाहणीची तारीख निघाली, भाद्रपदात.

आदल्या दिवशी आमच्या सोसायटीचे चेअरमन जाधव माझ्याकडे आले. मी सेक्रेटरी होतो. आमच्या सोसायटीला यायला एकच अरुंद बोळ होता, खड्ड्यांचा. महिन्याभरापूर्वी माझ्या बायकोची स्कूटर त्यात घसरून तिचं मनगट मोडलं होतं. जाधव म्हणाले, “तो गोदामवाला आपल्याला त्याच्या जागेतून रुंद रस्ता देतोय राव. थेट हायवेला. फक्त उद्या पंच म्हणून दोन माणसं पाहिजेत. एक मी, एक तुम्ही. दोन मिनिटांचं काम.”

हे मी कारण म्हणून सांगतो आहे. सबब म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी तिथे कमरेएवढं गवत होतं. घाणेरी आणि निरगुडी माजली होती. दोन महिने तिथून कुणी चाललं नव्हतं, कारण दर रविवारी चालणारा माणूस तळेगावात पाय उचलायचे व्यायाम करत होता. पाहणीला आलेल्या तहसीलच्या साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, जे दिसलं ते लिहिलं आणि कागद आमच्यापुढे धरला. जाधवांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवून लगेच सही केली. मी सवयीप्रमाणे वाचला. ‘समक्ष पाहणी केली असता सदर गटातून पाऊलवाट असल्याची कोणतीही खूण दिसून येत नाही.’

खूण दिसत नव्हती, हे खरंच होतं. दहा पावलांवर गवतात शिडी आडवी पडलेली होती, तिचा वरचा दांडा मला दिसत होता. करंजाच्या खोडावरचा पिवळा बाण पावसानं फिकट झाला होता, पण होता. साहेबांना मी एवढंच म्हणायला हवं होतं की जरा इकडे या. जाधव माझ्याकडे बघत होते. मी सही केली.

किसनभाऊ परत आले तेव्हा भिंत आठ फूट वर आली होती. एके दिवशी संध्याकाळी ते काठी टेकत आमच्याकडे आले. चहा येऊ दिला. मग खिशातून पंचनाम्याची नक्कल काढून टीपॉयवर ठेवली. तिच्यावर पट्टी ठेवली, पंख्यानं उडू नये म्हणून.

“सायेब, ही सही तुमची?”

“हो,” मी म्हणालो. आणि मग माझ्या तोंडून आलं, “अहो, मी वाचलंच नाही ते. जाधव घाई करत होते. रस्त्याचा कागद आहे असं वाटलं.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी पट्टी उचलून खिशात घातली, कागदाची घडी केली.

“आसं व्हय,” म्हणाले. चहा संपवला. बायकोच्या मनगटाची चौकशी केली. जाताना सोसायटीचं फाटक लावून गेले. इंग्लंडापासूनची त्यांची सवय होती ती. कुठलंही फाटक उघडलं की मागे वळून लावायचंच.

पुढे त्यांनी दोन अपिलं केली. दोन्हीकडे पंचनामा वाचून दाखवला गेला. मी त्यांना एकदा म्हटलं, “राईत जायचं तर माझ्या गाडीनं जाऊ या, हायवेवरून वीस मिनिटं.” गावातल्या बायाही आता टेम्पोनं तसंच जात होत्या. ते म्हणाले, “जावा तुमी. मला दर्शनाला न्हाई जायाचं, मला चालायला जायाचंय.”

आणि ते चालत राहिले. गावापासून चार शिड्या ओलांडून भिंतीपर्यंत यायचे. भिंतीला तळहात टेकवायचे. मग परत. दर रविवारी मी गॅलरीतून बघायचो. भिंत, तिच्या अलीकडे टोपी, पलीकडे पत्र्याचं गोदाम आणि त्याच्या कडेनं आमचा नवा रुंद रस्ता. रोज सकाळी मी त्याच रस्त्यानं कामाला जातो. दुसरा रस्ता धरायचं मी एकदोनदा ठरवलं, पण बोळ आता बंद केला आहे.

रविवारी नऊच्या सुमारास गॅलरीत जायचं नाही असंही ठरवून पाहिलं. साडेआठपासूनच माझं लक्ष घड्याळाकडे लागायचं. बायको म्हणायची, “एकदा सांगून टाका ना त्यांना.” मी म्हणायचो, सांगून आता काय भिंत पडणार आहे?

यंदा माघात तीन रविवार टोपी दिसली नाही. चौथ्या रविवारी शिरपत बाजारात भेटला. “भाऊला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली,” म्हणाला. पारावरून टोमणे मारणारा तो माणूस हातातली पिशवी खाली ठेवून सांगत होता. “म्या रोज त्येला खुर्चीवर बशिवतो. मला म्हनतो, शिरप्या, तू तरी भिंतीला हात लावून ये. गेल्ता म्या काल.”

मी लगेच गेलो नाही. आधी वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, आता तुम्ही उलट लिहून दिलंत तर तुमच्याच अंगाशी येईल आणि भिंत आहे तिथेच राहील. तरी मी प्रतिज्ञापत्र केलं. ही वाट मी स्वतः चाललो आहे, पाहणीच्या दिवशी शिडी गवतात पडलेली मला दिसली होती, पंचनामा वाचूनच मी सही केली, असं सगळं लिहिलं. तहसीलच्या आवकमध्ये दिलं. तिथल्या कारकुनानं पोचेचा शिक्का मारला आणि म्हणाला, “साहेब, प्रकरण बंद झालंय. ठेवतो फाइलला.”

ती पोच घेऊन मी किसनभाऊंच्या घरी गेलो. अंगणात, नदीकडे तोंड करून, प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. डोक्यावर टोपी. खिशात पट्टी होती. वहिनींनी मला स्टूल दिलं आणि त्यांच्या कानाशी जरा मोठ्यानं म्हणाल्या, “सूर्यवंशी सायेब आल्यात.”

“दिसतंय मला,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून येत होते. “कान न्हाई ग्येला. पाय ग्येलाय.”

मी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. सगळं. ‘वाचूनच सही केली’ हे वाक्यसुद्धा. ते डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली.

“समदं भरलंय?” त्यांनी विचारलं. “वजनाचा रकाना?”

मी म्हणालो, “किसनभाऊ, त्या दिवशी घरी तुम्हाला मी खोटं सांगितलं. मी वाचलं होतं.”

“म्हाईत हाय.”

“कधीपासून?”

“सही बगितली तवाच.” दम घेतला. “तुमी वाचल्याबिगर... सही करत न्हाई.”

वहिनी आत निघून गेल्या. समोर करंजाखालून वाट दिसत होती. पहिल्या शिडीपर्यंत गवत चढलं होतं, मधोमध मात्र एक पुसट रेघ होती, शिरपतच्या पायांची असेल. चार वर्षं या माणसानं माझं खोटं माझ्या तोंडावर फेकलं नव्हतं. माझ्या सहीविषयी गावात तो काही बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. मला सांगायचं होतं ते बोळाचं, मनगटाचं, जाधवांचं, गवताचं. सगळं ओठांवर येऊन थांबलं होतं. ते वाट बघत होते, नदीकडे तोंड करून. मी स्टुलावरून उठलो, त्यांच्यासमोर खाली बसलो आणि त्यांचा तो निर्जीव उजवा हात दोन्ही हातांत धरला.

“माझं चुकलं, किसनभाऊ,” मी म्हणालो, आणि पुढे काही जोडलं नाही.